मागेल त्याला सोर्स

एक ओळ खोडून भरतेश आवटीला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. नाहीतर पुढे तो नुसताच लबाड वाटेल, आणि तसा तो नव्हता. तो हुशार होता, आणि हुशार माणसाला लबाडी जरा सवलतीत मिळते, एवढंच.

पहिली मिळकत सरकारी आरोग्य योजनेचं कंत्राट. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलेल्या रुग्णांना बोलतं करणाऱ्या सहा हजार गळपट्ट्या. दुसरी मिळकत नाव. मिरजेच्या एमआयडीसीत तेरा माणसांचं वर्कशॉप चालवणारा भरतेश एकदम 'संशोधक' झाला असता, आणि 'जावई पंप दुरुस्त करतात' असं पंधरा वर्षं पाव्हण्यारावळ्यांत सांगणाऱ्या सासऱ्यांना ते पेपरात वाचावं लागलं असतं. तिसरी म्हणजे मोकळं रान. कोइमतूरच्या मोठ्या कंपनीला ही पट्टी आतून समजायला निदान तीन वर्षं लागली असती.

खोडायची ती ओळ अशी होती: 'ही गळपट्टी मुक्तकंठवर चालते, सोर्स कोड मागणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला दिला जाईल.'

अकरा शब्द. पट्टीबरोबर खिशात ठेवायचा एक डबा यायचा. तो चालू केला की त्याच्या पडद्यावर हे शब्द दोन सेकंद दिसायचे. भरतेशनं मराठी पडद्यावरून ते काढले, इंग्रजीवरून काढले, आणि चहा गार व्हायच्या आत पॅकिंगच्या टेबलाशी येऊन बायकोला म्हणाला, "त्रिशला, खोक्यात तो परवान्याचा कागद आता घालू नको."

"का?"

"कोण वाचतंय?"

त्रिशलानं गठ्ठा बाजूला सारला. तिनं तो वाचला होता. पण वाचलास का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं.

मुक्तकंठ हे सॉफ्टवेअर जगभरच्या चार-पाचशे हौशी माणसांनी मिळून लिहिलेलं. माणूस नुसतं मनात वाक्य जुळवतो तेव्हाही त्याची जीभ आणि गळ्याचे स्नायू किंचित हलतात. डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीवर टेकवलेल्या तारांना त्या हालचालीची वीज कळते. स्वरयंत्र गेलं तरी हे स्नायू बरेचसे शाबूत राहतात. मुक्तकंठ ती वीज वाचतं आणि तिचे शब्द करून बोलतं. फक्त ही वीज फार दुबळी असते. सबंध वाक्य पुरं होईपर्यंत थांबलं तर उत्तर पाच सेकंदांनी निघतं, आणि तोवर समोरचं माणूस स्वयंपाकघरात निघून गेलेलं असतं. म्हणून मुक्तकंठ पहिले दोन-तीन शब्द पकडतं आणि पुढचे ताडतं. हे ताडणं ते शिकतं कुणीतरी महिनोन्महिने पट्टी घालून केलेल्या नोंदींवरून. ज्याच्या नोंदी, त्याची वळणं.

आता परवाना. मुक्तकंठ वापरा, उघडून बघा, बदला, खुशाल विका. अट एकच, पण ती शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. जे हक्क तुम्हाला मिळाले तेच पुढच्याला द्यायचे, आणि तुम्ही केलेल्या बदलांसकट सगळा सोर्स, म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ लिहिलेली प्रत, मागेल त्या ग्राहकाला द्यायचा. परवान्याच्या चौथ्या आवृत्तीपासून शिकवणीच्या नोंदीही ह्या 'सगळ्या'त आल्या, कारण त्या पाहिल्याशिवाय यंत्र असं का बोलतं हे कुणालाच सांगता येत नाही. अट मोडली की वाटण्याचा हक्क आपोआप थांबतो. चूक दाखवून दिल्यापासून तीस दिवसांत सुधारली तर परत मिळतो. आणि सगळ्यात खाली एक कलम, की ह्या सॉफ्टवेअरची कसलीही हमी नाही.

भरतेशची करामत होती बोलीची. मुक्तकंठचं मूळ मराठी म्हणजे आकाशवाणीच्या बातम्या. आमच्याकडच्या रुग्णानं 'पाणी दे की गं' असं मनात आणलं, तर पट्टी म्हणायची, 'कृपया पाणी द्यावे.' पोरं हसायची, आणि रुग्ण पट्टी काढून कपाटात ठेवायचा. इकडच्या बोलीचा गळा हवा होता, आणि तो घरातच होता.

त्रिशलानं अकरा महिने पट्टी घातली. समोर वाक्यांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या आणि आवाज न काढता मनात वाचायच्या. सगळ्यात स्वच्छ नोंद यायची तिच्या मौनाच्या दिवशी. घर जैनांचं; अष्टमी-चतुर्दशीला ती उपासाबरोबर मौन पाळायची, शिवाय भाद्रपदातले पर्वाचे दहा दिवस. आवाजाची सरमिसळ नाही, नुसतं गळ्यातलं बोलणं. असे बावन्न दिवस भरले. भरतेश तिच्यासमोर खुर्ची टाकून पडद्यावरच्या लाटा बघत बसायचा आणि म्हणायचा, "छान यायलंय. काढू नको गं, तारा सरकतात." आणि वहीत लिहायचा, 'उत्तम प्रत.' चिठ्ठ्या केव्हाच संपल्या होत्या, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

चारशे बारा पट्ट्या विकल्या गेल्यावर एका सकाळी गंगाधर तोडकर वर्कशॉपात आले. कोर्टातले निवृत्त नाझर. सगळी नोकरी दुसऱ्यांवर समन्स बजावण्यात गेली, आणि शेवटी तंबाखूनं त्यांच्यावर बजावलं. बरोबर सून होती, उज्ज्वला. ती आत आली नाही. दारातच गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभी राहिली.

"या अण्णा! काय म्हणतेय पट्टी?"

"तेच विचारायला आलोय," तोडकरांची पट्टी बोलली. "ती काय म्हणते आणि मी काय म्हणतो, ह्यात फरक पडायलाय."

"म्हणजे?"

"सूनबाईनं चहा आणला. मी म्हणायला गेलो, विचारून साखर घालत जा. पट्टी म्हणाली, 'विचारलंत हेच पुष्कळ झालं.' नातवानं टाळ्या वाजवल्या."

भरतेश हसला. "मग काय वाईट आहे? पट्टी विनोदी झाली म्हणायची."

"हसून घ्या. गेल्या बुधवारी मी म्हणणार होतो, मला ह्या घरात उकडायलंय, पंखा लाव. तर पट्टी..." तोडकर थांबले. खिशातून कागद काढून त्यांनी भरतेशच्या पुढ्यात ठेवला. ते वाक्य पट्टीतून पुन्हा काढायची त्यांची तयारी नव्हती. कागदावर लिहिलं होतं, 'मला ह्या घरात राहायचं नाही.'

"सात महिने नळीनं भरवलंय मी ह्यांना," उज्ज्वला दारातून म्हणाली. "मनात असल्याशिवाय गळ्यात येत नाही, असं तुमच्याच पत्रकात छापलंय."

"वहिनी, यंत्र आहे, एखादं वाक्य इकडचं तिकडे..."

"इकडचं म्हणजे कुणाचं?" तोडकरांनी विचारलं. "सही कुणाची हे कळल्याशिवाय मी कागद पुढे सरकवलेला नाही कधी. हे वाक्य माझं नाही. कुणाचं आहे ते मला हिला दाखवायचंय. सोर्स द्या. नोंदींसकट."

"सोर्स? अण्णा, हे सगळं आमचं स्वतःचं आहे. त्यात मागण्यासारखं काही..."

तोडकरांनी डबा बंद केला, भाषा कानडीवर लावली आणि पुन्हा चालू केला. पडद्यावर एक ओळ आली. तिच्यावर बोट ठेवून ते दोन सेकंद नुसते बघत राहिले, भरतेशकडे. मग डबा मराठीवर आणला.

"जतला नऊ वर्षं होतो मी. कानडी वाचता येते मला. तुम्हाला?"

भरतेश आजीशी कानडीत भांडतच लहानाचा मोठा झाला होता. कानडीत तो शिव्या द्यायचा, देवाचं म्हणायचा, हिशेबही करायचा. लिपी तेवढी कधी शिकला नव्हता. सीमेवरच्या आमच्या निम्म्या घरांची हीच कथा आहे, त्यामुळे कुणाला त्यात कमीपणाही वाटत नाही. कानडी पडदा त्यानं बेळगावहून करून घेतला होता, आणि खोडायची ओळ त्यात कुठे बसली आहे ते त्याला बघूनही दिसलं नव्हतं.

तोडकरांनी तक्रार लिहिली, आणि आठवड्यात मुक्तकंठच्या परवान्याची राखण करणाऱ्या मंडळींचं पत्र आलं. इतकं सभ्य की दोनदा वाचल्यावर घाम फुटावा. तीस दिवस. तेवढ्यात तोडकरांना सोर्स मिळाला नाही तर पुढे एकही पट्टी विकायची नाही. म्हणजे कंत्राटातल्या सहा हजारही नाहीत.

भरतेशनं हिशेब केला की देऊन टाकू. नोंदींमधलं घरगुती तेवढं गाळू. त्यासाठी त्या वाचायला हव्या होत्या. लाटांचे शब्द यंत्रानंच उतरवून ठेवले होते, पण आजवर एकाही माणसानं ते वाचले नव्हते. एका दुपारी केबिनचं दार लावून त्यानं तोडकरांचं वाक्य शोधायला टाकलं.

पहिलं सापडलं एका अष्टमीला, सकाळी दहा चाळीसला. 'मला ह्या घरात राहायचं नाही.'

दहा एक्केचाळीसला: 'अहो, ऐकता का, मला ह्या घरात राहायचं नाही.'

लगेच खाली: 'मधे बोलू नका. मला ह्या घरात राहायचं नाही.'

'चिडून नाही सांगत. मला ह्या घरात राहायचं नाही.'

'बसा जरा. नको, उभेच राहा. मला ह्या घरात राहायचं नाही.'

तो खाली खाली जात राहिला. मधे मधे वेगळी वाक्यं होती. एका चतुर्दशीला तिच्या मामेबहिणीचा लग्नाचं बोलावणं करायला फोन आला होता. 'तिला नाही जमायचं' असं त्यानंच सांगून टाकलं होतं, ते त्याला आठवलं. त्याच मिनिटाला नोंदीत होतं, 'जमलं असतं.' डब्याला निळा रंग बरा की करडा, असं त्यानं एकदा सहज विचारलं होतं. खाली होतं, 'विचारलंत हेच पुष्कळ झालं.'

आणि पुन्हा तेच वाक्य. दोनशे अकरा वेळा. तिनं तालीम केली होती.

भरतेशनं वही काढली. वाक्याचं एक वेळ सोडा. पण ह्या वाक्याच्या लाटा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. समोर, दोन फुटांवर बसून. वहीत त्या तारखेपुढे त्याच्याच अक्षरात होतं, 'उत्तम प्रत.'

ते बावन्न दिवस कापून टाकले की पट्टी परत 'कृपया पाणी द्यावे'वर येणार होती. शिवाय ज्यावरून यंत्र घडलं ते न देता दुसरंच दिलं तर तोही परवान्याचा भंग. आणि सगळं द्यायचं म्हटलं तर कायद्यानं ज्याचा गळा त्याची सही लागत होती.

त्रिशला मेथी निवडत होती. त्यानं संमतीपत्र तिच्याशेजारी ठेवलं. "एक सही हवी होती. तुझ्या नोंदी आहेत ना, त्या द्यायच्यात ग्राहकांना. रोजचंच बोलणं, विशेष काही नाही."

"वाचलंत?"

"वरवर."

"किती वेळा निघालं?"

भरतेशनं संमतीपत्र उगाच सरळ केलं.

"मी मोजलं नव्हतं म्हणून विचारते."

"दोनशे अकरा."

"इतकं?" तिला खरंच नवल वाटलं. "मला वाटलं, शंभरेक असेल."

"त्रिशला, एकदा तरी मोठ्यानं सांगायचंस मला. मी काय..."

"सांगायचीच तयारी चालली होती. पण मी तोंड उघडायच्या आत तुम्ही काय म्हणणार ते मला ऐकू यायचं. 'तुला उन्हाचं बाधलंय, पड जरा.' बरोबर?"

बरोबर होतं. आत्ताही तेच त्याच्या जिभेवर आलं होतं.

"पण आज का वाचलंत?" तिनं विचारलं.

मग त्याला तोडकरांचं सांगावं लागलं. ऐकता ऐकता तिच्या हातातली जुडी खाली गेली. स्वतःबद्दलचं सगळं तिनं शांतपणे ऐकून घेतलं होतं. हे ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला.

"माझं वाक्य त्या माणसाच्या गळ्यातून? त्यांच्या सुनेला?"

"तेवढं एकदाच गं."

"आणि चारशे बारांत आणखी किती जणांच्या?"

"ते कसं कळणार?"

"चला," ती उठली.

"कुठं? आधी सही..."

"सही तिथंच करते."

तोडकरांच्या घरी उज्ज्वलानं दार उघडलं ते अर्धंच. त्रिशला चपला न काढताच म्हणाली, "मी ह्यांची बायको. पट्टीत माझा गळा आहे. 'मला ह्या घरात राहायचं नाही' हे तुमच्या मामंजींचं वाक्य नाही, माझं आहे. माझ्या घराबद्दल आहे."

उज्ज्वलानं आधी तिच्याकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या भरतेशकडे. "आणि ह्यांना माहीत होतं?"

"आज दुपारी कळलं."

"अगं बाई!" म्हणत उज्ज्वलानं दार पूर्ण उघडलं. आतून तोडकरांची पट्टी म्हणाली, "बसा." उज्ज्वला वळून त्यांच्याकडे गेली, आणि हात लांब करून तिनं पंख्याचं बटण दाबलं.

त्रिशलानं तिथंच सही केली. सहीच्या वर एक ओळ स्वतःच्या हातानं घातली: 'नोंदी त्रिशला आवटी यांच्या गळ्याच्या आहेत. ही ओळ कोणत्याही प्रतीतून काढू नये.' नाझरांनी साक्षीदार म्हणून सही केली, तारीख घातली, आणि सवयीनं वेळही घातली.

सोर्स बाहेर पडला आणि नवव्या दिवशी कोचीच्या कुणा दोघांनी दुरुस्ती करून तो परत सगळ्यांना वाटला. आता पट्टी ताडण्याआधी स्वतःची खात्री तपासायची; खात्री नसेल तर गप्प राहून वाट बघायची. पत्रापासून सव्विसाव्या दिवशी भरतेशचा हक्क परत आला. कंत्राट मात्र कोइमतूरकडे गेलं. त्यांनी परवान्याबरहुकूम सगळा सोर्स उघडा ठेवून तीच पट्टी स्वस्तात देऊ केली होती, पडद्यावर ओळीसकट, त्रिशलाच्या नावासकट. तक्रार करायलाही जागा नव्हती.

सत्ताविसाव्या दिवशी त्रिशला एक बॅग आणि ग्राहकांची यादी घेऊन जयसिंगपूरला बहिणीकडे गेली. जाताना काही बोलली नाही. बोलून झालंच होतं. तिथल्या गच्चीवरच्या खोलीत बसून तिनं फोन लावायला सुरुवात केली.

"मी त्रिशला आवटी. तुमच्या माणसाच्या पट्टीतून 'मला ह्या घरात राहायचं नाही' असं कधी निघालं असेल, तर ते त्यांचं नाही, माझं आहे."

कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. तासगावची एक म्हातारी म्हणाली, "तुझं असू दे बाई, पण आमचे मालक बोलले ते खरंच होतं." एकतीस घरांत ते वाक्य निघालं होतं. बारा घरांत लागलं होतं. एका नवऱ्यानं त्यावरून चार महिने बायकोच्या हातचं जेवण सोडलं होतं. त्यानं फोनवरच तिला हाक मारली. अकरा घरं अशी एकेक करून सुटली.

तीनशे अठ्ठ्याऐंशीवा फोन नांदणीला लागला. सुकुमार मगदूम. पट्टी त्याच्या आईची, इंदुमतीबाईंची. त्रिशलानं तिचं वाक्य म्हटलं. 

"आई म्हणाली म्हणून तर आम्ही तिला वृद्धाश्रमात ठेवली," तो म्हणाला. "तिथं त्यांनी पट्टी काढून ठेवली होती. चार्जिंगचं कोण बघणार म्हणून. बारा आठवडे होती. मागच्या महिन्यात गेली."

"एकदाच म्हणाल्या होत्या का त्या?" त्रिशलानं कसंबसं विचारलं.

"एकदा? सारखं म्हणायची. माझा हात धरून म्हणायची. रडत म्हणायची. मला वाटलं, घर इतकं नको झालंय हिला."

पट्टी आणि डबा त्यानं मिरजेला परत पाठवले. डब्यात गळ्याची मूळ वीज जशीच्या तशी साठून राहते, यंत्रानं तिचं काहीही केलं असलं तरी. भरतेश तो डबा घेऊन जयसिंगपूरला आला. एकट्यानं बघायचं धाडस त्याला झालं नाही. जिना चढून तो दारातच थांबला. "मी आत येऊ का?" त्यानं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत उभा राहिला.

दोघांनी ती वीज दुरुस्त केलेल्या मुक्तकंठमधून पुन्हा काढली. ह्या वेळी यंत्र घाई न करता थांबत गेलं, एकेक शब्द पुरा होऊ देत. पहिलं वाक्य पडद्यावर उमटलं तेव्हा त्रिशलानं तोंडावर हात दाबला.

'मला ह्या घरात राहू दे, सुकुमार.'

एकोणीस वेळा. एकदा 'मला ह्या घरात मरू दे.' बाकी सगळं 'राहू दे.' प्रत्येक वेळी पट्टीनं पहिले तीन शब्द ऐकले होते आणि दोनशे अकरा वेळा पाठ केलेला शेवट त्यांना लावला होता. म्हातारी जितकी जीव तोडून सांगायची तितकं यंत्राला तिचं वाक्य लवकर ओळखू यायचं.

भरतेशनं सुकुमारला भरपाई देऊ केली. त्यानं घेतली नाही, आणि कायद्यानं ती कुणाकडे निघतही नव्हती. हमी नाही हे परवान्यात स्पष्ट होतं. तेव्हा आता बेरीज. भरतेशचं कंत्राट गेलं आणि बायको गेली. त्रिशलाचं वाक्य चारशे बारा घरांत पोचलं आणि तिचं नाव कायमचं प्रत्येक प्रतीत राहिलं. सरकारी योजनेतल्या सहा हजार रुग्णांना बोलायला पट्टी मिळाली, चांगली आणि स्वस्त. तोडकर अजून सुनेच्या हातचा चहा पितात. ह्या सगळ्यांनी थोडंथोडं दिलं आणि थोडंथोडं मिळवलं. पूर्ण किंमत एकीनंच मोजली, बारा आठवडे, एक शब्दही न बोलता.